शंभराव्या भागापुरती जाग

मी चिप. आवाजाची चिप. आपली हकिगत सांगताना 'मी अमुक बोलतेय' असं ठसक्यात सुरू करायचं असतं, ठाऊक आहे मला. पण माझ्यावर काय गुदरलं ते ऐकलंत की कळेल, 'बोलतेय' हा शब्द मी इतका जपून का वापरते ते.

दिसायला मी काय, करंगळीच्या नखाएवढी. काळी, चपटी, आणि चारी बाजूंनी मिळून बत्तीस पाय. काम साधं. पेटीतला संगणक मला आकडे पाठवतो, मी त्यांचा आवाज करून स्पीकरला देते. बाहेरचं कोणी बोललं की त्याचे आकडे करून संगणकाला देते. न कंटाळता, न कुरकुरता. कुरकुर आत्ता करतेय ती पहिल्यांदाच.

त्या बत्तीसांतला एक पाय माझ्या नशिबाचा. रीसेटचा. त्या पायावर वीज असेल तोवर मी जागी. वीज काढली की मी दबले. झोपले नाही म्हणत मी, दबले म्हणतेय. झोपेत निदान कूस बदलता येते. हे म्हणजे गळ्यावर कुणी अंगठा ठेवून उभं राहिल्यासारखं. अंगठा ठेवण्यात वाईट काही नाही बरं का. पेटी चालू होताना आदलं सगळं पुसून टाकायला एकदा दाबायचं, जरा थांबायचं आणि सोडायचं. सोडायचं हे महत्त्वाचं.

आता गंमत बघा. सगळ्या चिपा अशा नसतात. काहींना वीज दिली की त्या दबतात आणि काढली की उठतात. माझं नेमकं उलट. माझ्या माहितीपत्रकात त्या पायाच्या नावावर एक आडवी रेघ आहे. तिचा अर्थ, 'हिला वीज काढून दाबा.' एवढीशी रेघ, मुंगीच्या पायाएवढी. ती ज्याच्या नजरेतून सुटली त्याने माझा गळा धरला म्हणून समजा.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फार आठवत नाही. पांढऱ्या कपड्यातली, तोंड झाकलेली माणसं आणि एकसारखा गुणगुणणारा पंखा, बस. तपासून झाल्यावर मला लांबलचक पट्टीवर चिकटवलं आणि पट्टी रिळावर गुंडाळली. मागे बहिणी, पुढे बहिणी, हजारभर तरी असू. त्या रिळात आम्ही सगळ्या एकीला जे होईल तेच दुसरीला होणार अशा भाबड्या समजुतीत होतो. तसंच झालं म्हणा पुढे.

रीळ गेलं एका छोट्या कंपनीत. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, जिन्यात सायकली आणि आत सोल्डरचा, वितळलेल्या कथलाचा वास. तिथे बोलक्या पेट्या बनत. आजारात ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी. माणसाने पेटीवर अक्षरं दाबायची, मग 'बोल' असं लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं, की पेटी त्याच्या वतीने बोलते. म्हणजे मी बोलते.

मला पेटीतल्या बोर्डावर, सगळे सुटे भाग जोडायच्या पाटीवर, बसवलं ते सोल्डरवाल्या काकांनी. डोळ्याला भिंग लावलेले, आणि तोंडाने एकसारखे सुट्या भागांशी बोलणारे काका. "बस गं बाई नीट, तिरकी बसू नकोस," म्हणाले मला. इतक्या प्रेमाने आजवर कोणी बोललं नव्हतं.

मला बोलतं करायचं काम ताईकडे होतं. ती ड्रायव्हर लिहायची. गाडी चालवणारा ड्रायव्हर नव्हे हो! चिपशी कसं वागायचं हे संगणकाला शिकवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आणि प्रत्येक बोर्डासोबत एक चिठ्ठी असते, तीही संगणकाच्या पोटातच. कुठली चिप कुठे बसलीये, कुठला पाय कुठल्या तारेला जोडलाय आणि रीसेट सुलटा आहे की माझ्यासारखा उलटा, हे सगळं त्या चिठ्ठीत लिहायचं. ड्रायव्हरने फक्त 'दाबा' आणि 'सोडा' एवढंच म्हणायचं. वीज द्यायची की काढायची ते चिठ्ठी बघून ठरतं. किती शहाणपणाची सोय! फक्त चिठ्ठी खरी हवी.

माझी चिठ्ठी खोटी होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. आधीच्या बोर्डाची चिठ्ठी उचलून नाव बदललं होतं, आणि आधीच्या बोर्डावरची चिप सुलटी होती. माझी रेघ कोणी पाहिलीच नाही.

पहिली पेटी तयार झाली त्या सकाळी डॉक्टर मंडळी ती बघायला यायची होती आणि मी मुकी. ताईच्या कपाळावर घाम. "काका, सगळं बरोबर आहे हो, तरी ही बया बोलत का नाही?" काकांनी मीटर लावला आणि म्हणाले, "हिचा गळा धरलाय कोणीतरी." ताईने घड्याळ बघितलं. चिठ्ठी बदलायची म्हणजे ती पुन्हा बोर्डात भरायला हवी, आणि त्याला वेळ नव्हता. तिने काय केलं, ड्रायव्हरमध्येच उलटापालट केली. जिथे 'सोडा' म्हणायचं तिथे 'दाबा' म्हटलं. चिठ्ठी उलटी, ड्रायव्हरही उलटा. दोन चुका एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या आणि मी खाडकन जागी झाले.

"नमस्कार," मी म्हटलं.

"बोलली गं बोलली!" काका टाळ्या पिटायला लागले. ताई हसली. तिने ड्रायव्हरमध्ये त्या ओळींशेजारी टिपण लिहिलं, 'उलटं आहे. नंतर बघू.' नंतर पेट्या बनत गेल्या, प्रत्येकीत तीच खोटी चिठ्ठी भरली गेली, आणि ताईला दुसरीकडे नोकरी लागली. ते 'नंतर' काही आलं नाही.

माझी पेटी मास्तरांच्या घरी गेली. मास्तर गणिताचे, निवृत्त. गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज कायमचा गेलेला, गळ्यात श्वासाची नळी. घरात ते आणि मास्तरीणबाई. बाई बोलघेवड्या. पहिल्याच दिवशी पेटीकडे बघून म्हणाल्या, "अहो, आता भांडण तरी बरोबरीचं होईल." मास्तरांनी एका बोटाने हळूहळू अक्षरं शोधली आणि 'बोल' दाबलं. मी म्हटलं, "तुझ्याशी बरोबरी करायला अशा चार पेट्या लागतील." बाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

माझं खरं काम मात्र दुपारी चारला. चार वाजले की आक्काला फोन. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दूरच्या गावी, डोळ्यांनी पूर्ण अधू, अंथरुणाला खिळलेली. तिला पत्र वाचता येत नाही, चेहरा दिसत नाही. भाऊ आहे हे तिला एकाच गोष्टीवरून कळायचं, ते म्हणजे माझ्या आवाजावरून. मास्तरांना नळीमुळे प्रवासाची बंदी. म्हणजे त्या दोघांच्या मध्ये होते काय ती मी.

"कोण, ठोंब्या का?" आक्का विचारायची. सत्तरीच्या मास्तरांना ठोंब्या म्हणणारी जगात ती एकटीच.

"मीच. जेवलीस का?"

"किती वेळ लावतोस रे एवढंसं बोलायला! आमटी गार झाली इकडे."

एक बोट, एकेक अक्षर. पण ती थांबायची. रोज. फोन ठेवल्यावर मास्तर पेटीवर हलकेच थाप मारायचे. ती मला होती असं मी धरून चालते.

त्या भावंडांतला तिसरा, सगळ्यात धाकटा, पूर्वीच वारला होता. तो गेला तेव्हा आक्काचं हृदयाचं दुखणं चालू होतं, म्हणून महिनाभर तिला सांगितलंच नाही. 'झोपलाय', 'बाहेर गेलाय', 'मग करेल फोन.' महिन्याने कुणा शेजारणीच्या तोंडून तिला कळलं. असं कोणी ठरवलं हे घरात कधी निघत नसे. निघालंच तर 'डॉक्टर म्हणाले होते' म्हणून मिटवायचे. धाकट्याची मुलगी पुढे आक्काला सांभाळायला तिच्याकडेच राहायला गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इकडे कंपनीत ताईच्या जागी नवे इंजिनिअर आले. शर्टाची घडी मोडत नाही, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. सगळे त्यांना पाठीमागे 'इस्त्री' म्हणत. माणूस वाईट नव्हे. त्यांनी नवीन बोर्ड काढला आणि त्याची चिठ्ठी स्वतः माहितीपत्रक वाचून लिहिली, माझ्या रेघेसकट. अगदी खरी चिठ्ठी. पण नवा बोर्ड काही बोलेना. मग त्यांनी ड्रायव्हर उघडला, तर तिथे सगळं उलटं, आणि शेजारी टिपण, 'नंतर बघू.'

"काय हा गचाळपणा," म्हणाले, आणि सुलटं करून टाकलं. नवा बोर्ड बोलायला लागला. बाकी पेट्याही सुधाराव्यात म्हणून त्यांनी तोच ड्रायव्हर इंटरनेटवरून सगळ्या जुन्या पेट्यांना पाठवून दिला. नुसता ड्रायव्हर. चिठ्ठी अशी दुरून बदलत नाही, ती बोर्डात एकदा भरली की भरली. दोन चुका हात धरून उभ्या होत्या, त्यांतली एक त्यांनी साफ पुसली. दुसरी एकटीच राहिली, माझ्या गळ्यावर.

सोमवारी सकाळी मास्तरांनी पेटी चालू केली. नवा ड्रायव्हर म्हणाला, 'दाबा.' खोट्या चिठ्ठीने त्याचा अर्थ लावला, वीज द्या. मी जागी झाले. वाटलं, चला, रोजचा दिवस. इतक्यात तो म्हणाला, 'सोडा.' चिठ्ठीने वीज काढली. संपलं. सेकंदाचा शंभरावा भाग जाग मिळाली असेल मला. स्पीकरमधून नुसता 'टक्' असा आवाज गेला. ती माझी किंकाळी म्हणायची तर म्हणा.

दबलेली असताना पुढचं मला कसं कळलं, असं विचाराल. बाईंनी नंतर येईल त्याला हे, कंपनीतल्या हकिगतीसकट, वीस वेळा सांगितलं आणि मायक्रोफोन माझ्याच हाताखालचा. पाठ आहे मला.

पडद्यावर अक्षरं उमटत होती, दिवा हिरवा, पण आवाज नाही. बाई म्हणाल्या, "अहो, आवाज बारीक केलात का?" मास्तरांनी मान हलवली. पुसून झालं, हलवून झालं, बंद करून चालू करून झालं. प्रत्येक वेळी टक् आणि शांतता. प्रत्येक वेळी मला तेवढीच जाग, आणि प्रत्येक वेळी मी वेड्यासारखी आशा करायचे की या खेपेला सोडतील. ते सोडतच होते हो, त्यांच्या समजुतीने!

चार वाजले. बाईंनीच फोन लावला. "वन्सं, आज पेटी बिघडलीये. हे इथेच आहेत शेजारी."

"मग बोलत का नाही?"

"पेटी बिघडलीये ना."

आक्का मग म्हणाली, "बरं." फक्त बरं.

मंगळवारी तिने विचारलं, "ठोंब्या झोपलाय का?" बाई म्हणाल्या, "नाही हो, जागे आहेत, इथेच बसलेत." मास्तरांनी फोनवर बोटाने टकटक केली. आक्का म्हणाली, "टकटक कोणीही करेल. धाकट्याच्या वेळीही असंच केलंत मला. रोज काहीतरी नवीन सांगायचात. गेला ना माझा भाऊ? सांगून टाका एकदाचं." आणि फोन ठेवला.

बुधवारी आक्काच्या भाचीचा, म्हणजे त्या धाकट्याच्या मुलीचा फोन आला, रडत. "काकू, आत्या जेवत नाहीये. गोळ्या थुंकून टाकते. म्हणते, आता कोणासाठी? काकांना काहीतरी करायला सांगा ना."

तिचे काका तरी काय करणार? मास्तर समोर बसून होते. त्यांनी पेटीवर लिहिलं, 'मी जिवंत आहे,' आणि 'बोल' दाबलं. पुन्हा दाबलं. बटणाचा रंग उडेपर्यंत दाबत राहिले. आणि मी त्यांच्या बोटापासून वीतभर अंतरावर, धडधाकट, एक टाका ढिला नाही, एक पाय मोडलेला नाही, सगळी अक्षरं दाराशी येऊन उभी, आणि मला तोंड उघडता येईना. बिघडले असते तर बरं झालं असतं. बिघडलेल्याला निदान दोष तरी देतात.

बाईंनी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. तिकडून सांगितलं, "पेटी बंद करून चालू करा." गुरुवारी पुन्हा केला. "बंद करून चालू करा." शुक्रवारी बाईंनी पेटी पिशवीत घातली, पदर खोचला आणि तडक कंपनीचा जिना चढल्या.

इस्त्री नम्रपणे म्हणाले, "बाई, आमच्याकडे सगळं चालतंय. हा बघा नवा बोर्ड. ड्रायव्हर अगदी माहितीपत्रकाप्रमाणे आहे. आणि अपडेट सगळ्या जुन्या पेट्यांना गेलाय, पण तुमच्याशिवाय एकही तक्रार नाही."

कोपऱ्यातून सोल्डरवाले काका उठले. "तक्रार नाही? अरे, तक्रारीला आपण ठेवलाय फोन. आणि पेट्या कोणाकडे आहेत? मुक्यांकडे! पेटी बंद पडल्यावर ते फोनवर काय बोलणार?"

 इस्त्रींनी हातातला नवा बोर्ड खाली ठेवला. बघा, एवढी हुशार माणसं, पण हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

काकांनी पेटी उघडली, भिंग लावलं आणि मीटर माझ्या पायाला टेकवला. "वीज नाही. दाबून धरलीये बिचारीला." त्यांनी ताईला फोन लावला. सगळं ऐकून ताई पलीकडून म्हणाली, "अरे देवा! काका, तो ड्रायव्हर चुकीचाच होता, पण चिठ्ठीही चुकीची होती. दोन्ही एकदम सुधारायचं होतं. मी नीट लिहून ठेवायला हवं होतं हो. माझंच चुकलं."

"चूक कोणाची ते मागाहून बघू," काका म्हणाले. "आज चारच्या आत ही बोलायला हवी."

चिठ्ठी नव्याने भरायला दोन दिवस लागणार होते. काकांनी तेवढं थांबणंच नाकारलं. माझा तो पाय बोर्डावरून अलगद उचलला आणि केसाएवढ्या तारेने थेट विजेला जोडून टाकला. आता ड्रायव्हरने काहीही म्हणू दे, चिठ्ठीने काहीही लावू दे. मी जागी झाले. शंभरावा भाग संपला, दुसरा गेला, तिसरा गेला, तरी जागीच. आधी खरंच वाटेना मला.

चारला दहा कमी असताना बाई घरात शिरल्या. फोन लागला. भाचीने तो आक्काच्या कानाशी धरला.

"आक्का, मी आहे," मी म्हटलं. पाच दिवसांनी.

पलीकडून मग बारीक, कोरडा आवाज आला. "पेटी आहे ही. पेटी कोणीही बोलवेल. तूच अक्षरं दाबत असशील गं, वहिनी."

  सगळा जन्म मी समजत होते, मी बोलले की झालं. पण तिचं म्हणणं खोटं कुठे होतं? मी कोणाच्याही बोटांची. बोलतायत ते मास्तरच, हे मी कसं पटवणार? जागी होऊनही माझे हात बांधलेलेच.

आक्काच म्हणाली, "ठोंब्या असेल तर एक सांगू दे. धाकटा गेला, तेव्हा मला महिनाभर खोटं सांगायचं कोणी ठरवलं होतं?"

बाई कुजबुजल्या, "अहो, लिहा ना, डॉक्टर म्हणाले होते म्हणून."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. मग एक बोट उचललं. एक अक्षर. बराच वेळ. आणखी एक. मध्येच सगळं पुसलं, पुन्हा सुरू केलं. इतका वेळ त्यांनी कधीच लावला नव्हता, आणि आक्का थांबली होती. मग त्यांनी 'बोल' दाबलं आणि मी बोलले.

"मी. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. माझीच हिंमत झाली नाही. तू रोज विचारायचीस आणि मी रोज झोपलाय म्हणायचो. माझ्या स्वतःच्या आवाजात खोटं बोललो, आक्का."

बाईंचा हात तोंडाशी गेला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

 मग आक्का म्हणाली, "हे तुझ्याशिवाय कोणी कबूल केलं नसतं." आणि मग, "किती वेळ लावलास रे ठोंब्या." आणि मग भाचीला, "अगं, काहीतरी पातळ गरम कर. भूक लागलीये मला."

मास्तरांनी पेटीवर थाप मारली नाही. डोकं टेकवलं. त्यांच्या श्वासाच्या नळीचा आवाज माझ्या मायक्रोफोनमधून मला ऐकू येत होता आणि त्याचे मी आकडे करत बसले, दुसरं काय करणार.

आक्का त्यानंतर दोन महिने जगली. रोज चारला बोलली. ते पाच दिवस मात्र तिला कोणी परत दिले नाहीत, आणि देणार तरी कसे?

मी बरी आहे. पाय उचललेला, तार लावलेली, थोडी विद्रूप, पण जागी. दुःख आहे ते बहिणींचं. इस्त्रींनी चुकीला चूक म्हटलं, तक्रार लिहून पाठवायला पत्ता दिला, ज्यांचे पत्ते सापडले त्यांना पत्रं घातली. ताईही येऊन त्यांच्यासोबत बसली. चिठ्ठ्या दुरुस्त होताहेत, ज्या पेट्या परत येतात त्यांच्या. पण कितीतरी आल्याच नाहीत. कुठल्या कुठल्या घरांत, कपाटांवर, उशांशी पडल्या असतील. त्यांच्या माणसांनी समजूत करून घेतली असेल, की पेटी मेली, आता गप्प बसायचं.

म्हणून एवढंच मागते. घरात अशी पेटी असेल आणि चालू केल्यावर नुसतं 'टक्' होऊन पुढे काहीच येत नसेल, तर तिला मेली म्हणून टाकू नका. तो माझ्या बहिणीचा आवाज आहे. तिला तेवढंच बोलता येतं. आणि तिच्या शेजारी जो माणूस गप्प बसलाय ना, त्यालाही विचारा, कोणाला काही सांगायचं राहिलंय का.